पत्रा फुगत नाही, काका

काका, दरवाजा अजून लागत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा, पुढचा. आज सकाळी पुन्हा बघितलं. ओढला की त्याचं लॉक दोन दारांमधल्या खांबावर आपटतं, खटक्याच्या पाऊण बोट वर. जोर लावला तर लागल्यासारखा वाटतो आणि हात काढला की उघडतो. तू जाऊन आज बावीस दिवस झाले आणि मी तुला पहिली गोष्ट सांगतेय ती ही. दुसरं काहीतरी आधी सांगायला हवं, पण मला सुरुवात इथूनच जमते.

तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी एकटी, म्हणून बाबांनी पेन माझ्या हातात दिलं. मोठा भाऊ म्हणून तू त्यांचा दादूस. म्हणाले, "दादूसबद्दल चांगलं लिही, चार शब्द." मी लिहिलं, प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. खारबाव स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो फ्लेक्स लागला. शेजारी आणखी दोघांचे होते. तिघंही मनमिळाऊ. मला माझीच चीड आली. तू कुठे मनमिळाऊ होतास? तू हट्टी होतास. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडायचास. जेवताना कुणी सल्ला दिला तर ताट घेऊन पडवीत जायचास. आणि तुझ्याबद्दल एक खरी गोष्ट मला माहीत होती, ती मी लिहिली नाही. फ्लेक्सवर जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं.

गाडी तुझ्याकडे कशी आली ते गावाला माहीत आहे. भिवंडीतल्या शेठकडे तू तेवीस वर्षं ड्रायव्हर होतास. त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी पद्मिनी तुला देऊन टाकली. पूर्ण्याला गोदामं उठली, जमिनी दिलेल्या लोकांच्या दारात उंच पांढऱ्या गाड्या आल्या, आणि आपल्या अंगणात ही दुधी रंगाची म्हातारी. लोक हसायचे. तू म्हणायचास, "हसूं दे. त्यांच्या गारीला आवाज न्हाय. आपली वळणावर आली का तुज्या काकीला चुलीपाशी कळतं." ते खरंच होतं. काकी आवाज ऐकून चहा ठेवायची.

पण खाडीचा वारा खारट. गाडी खालून गंजत गेली. वरून तू रंगाचे हात मारत राहिलास आणि खाली काय चाललंय ते कुणी बघितलं नाही.

मेमध्ये माझी परीक्षा संपली आणि मीच म्हटलं, काका, गाडी आपण घरीच दुरुस्त करू. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष झालं होतं. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला चांगले मार्क पडले होते. माझ्या अंगात थोडं वारं शिरलं होतं, हे आता कबूल करते. तू लगेच तयार झालास. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अंगणात जुनी सतरंजी अंथरून बसला होतास, हातात पाना घेऊन, मला उशीर झाला म्हणून चिडलेला.

दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते. गाडीचा भार तीच धरते. मी तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा वाकवून उघडला आणि आतून सूत निघालं. काळं, ओलं, राळेचा वास मारणारं सूत. मी ओढत गेले आणि ते येतच राहिलं.

"काका, हे काय आहे?"

"कापूस."

"ते दिसतंय. भरला कुणी?"

"मी. आनखीन कोन भरनार? लूमवाल्याकडं सुताचा कचरा फुकट भेटतो. राळ नि तेल लावून ठोकून बसवला. सात वरसं झाली. गारीत पाणी आलं का कवा?"

मी हसले. मग तू सांगितलंस की आजोबांच्या होडीच्या फळ्यांमध्ये फट पडली की तुम्ही भाऊ असंच करायचात. कापूस वळायचा, राळ आणि तेल लावायचं, छिन्नीच्या मागच्या बाजूने ठोकायचा. होडी पाण्यात गेली की फळी फुगून तो कापूस घट्ट धरते. खाडीवरचा रेती काढायचा धंदा बंद झाला, होडी गेली, पण हात तेच शिकलेले. गाडीला भोक पडलं तेव्हा ते हात तिकडेच गेले.

मी म्हटलं, "काका, लाकूड फुगतं. पत्रा फुगत नाही. तुझ्या कापसाने पाणी धरून ठेवलं आणि पत्रा आतून खाल्ला."

तू ते सूत हातात घेऊन पिळलंस. गंजाचं लाल पाणी सतरंजीवर पडलं. तू ते बोटाने चोळून बघितलंस. मग म्हणालास, "बरोबर बोलतेस बाय. ह्यां माज्या डोक्यात न्हाय आलं."

त्या वाक्यासाठी मी तुझी किती ऋणी आहे ते तुला कधी सांगितलं नाही. आपल्या घरात मी काही शिकून आले आणि मोठ्या माणसाने ते ऐकून आपली चूक मानली, असं तोपर्यंत झालं नव्हतं. बाबा अजूनही मानत नाहीत. तू दोन मिनिटांत मानलीस. पण त्याच दोन मिनिटांत माझ्या डोक्यात एक गाठ बसली, की होडीतून आलेलं सगळं चुकीचं.

म्हणून पुढचं तू जे सांगितलंस ते मी कानाआड केलं. तू म्हणालास, "कापाच्या आधी खाली लांबभर टेकू दे. होरीची एक फली काढाची असली तरी आमी आधी खाली ओंडके लावायचो, न्हायतर होरी मधी बसते. नि दरवाजे काढू नको. लावूनच ठेव. बंद दरवाजा सांगतो गारी हालली का ते. नि सगळं एकदम कापू नको, हात हात कापाचं."

"काका, ही होडी नाही."

"हां," तू हसून म्हणालास, "तां बी खरं."

दुसऱ्या दिवशी तू काकीला घेऊन शुगर तपासायला भिवंडीत गेलास. सगळा दिवस लागणार होता. मला वाटलं, तू येईपर्यंत पेटी कापून ठेवली तर तुला दाखवता येईल. दरवाजा मध्ये येत होता, ग्राइंडर नीट फिरत नव्हता, म्हणून बिजागऱ्या सोडून मी तो काढला आणि भिंतीला टेकवला. पुढे एक जॅक, मागे विटा. मध्ये काही नाही. आणि सगळी पेटी एका दमात कापली.

कापत कापत शेवटच्या टोकाला आले तेव्हा एक बारीक आवाज झाला. कुरकुरल्यासारखा. तो मी ऐकला, काका. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. ऐकला आणि ग्राइंडर चालू ठेवला, कारण चार बोटंच राहिली होती.

तू संध्याकाळी आलास. चपला काढायच्या आधी गाडीकडे आलास, एक फेरी मारलीस, टपावर तळहात ठेवलास, पोराला ताप आलाय का बघतात तसा. मी वाट बघत होते की तू ओरडशील. तू एवढंच म्हणालास, "दरवाजा लावून बघ."

"वेल्डिंग झाल्यावर लावू ना."

"आत्ता लावून बघ बाय."

"काका, किती जड आहे तो. झाल्यावर."

तू आत गेलास. मला वाटलं, दमून आला आहेस.

शेलारहून सलीमभाईंना बोलावलं. ते लोखंडी गेट आणि ग्रिल करतात. पातळ पत्र्याला लागणारं तारेचं वेल्डिंग मशीन त्यांच्याकडेच होतं. आल्या आल्या त्यांनी कापलेली जागा बघितली आणि विचारलं, "बेटा, चाचा को पूछ के काटा ना?" मी हो म्हटलं. तू नळावर हात धूत होतास. ऐकलं असशीलच.

चार दिवस आम्ही नवा पत्रा वाकवला, बसवला, टाका टाका वेल्डिंग केलं, घासलं, रेड ऑक्साइड मारलं. इतकं सुंदर झालं होतं की मी फोटो काढून वर्गातल्या मैत्रिणींना पाठवले. पाचव्या दिवशी दरवाजा लावला. तो लागला नाही. मधला खांब खाली बसला होता. तो बसलेला असतानाच मी नवा पत्रा जोडला, म्हणजे ती चूक मी स्वतःच्या हाताने, चांगल्या वेल्डिंगने, पक्की करून टाकली होती.

इथपर्यंत फक्त गाडी बिघडली होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर तुमच्या होडीच्या दिवसांतला धाया नाना, तू, बाबा, आणखी एकदोघं बसला होतात. मी पाणी द्यायला बाहेर आले. नानाने विचारलं, "काय रं काशा, इंजिनेर बसली कामाला आनि दरवाजा लागं ना?" तू तोंड उघडलंस. तू काय बोलणार होतास ते आता मला कधी कळणार नाही, कारण मी आधी बोलले. म्हटलं, "नाना, आतून सगळं कुजलं होतं. काकाने होडीसारखा कापूस भरला होता ना, त्याच्याने बॉडी बसली."

सगळे हसले. नाना तर खोकेपर्यंत हसला. "कापूस? गारीत? आरं काशा, उशी केलीस का गारीची?" तू पण हसलास. माझ्याकडे बघितलं नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून तू कापूसशेठ झालास. गावात कुणाचा पंप अडला, पंखा अडला, मिक्सर जळला की माणूस तुझ्याकडे यायचा. आता यायचा तर दारातूनच हाक मारायचा, "कापूसशेठ, मोटार बघतोस का? कापूस नको भरू बाबा." पहिले काही दिवस तू उलट बोलायचास. "तुज्या डोक्यात भरतो, तिथं जागा हाय." मग बोलायचं सोडलंस. मग लोक यायचे कमी झाले, चेष्टेतूनच, कुणाला तुझं वाईट व्हावं असं नव्हतं. पावसाळ्यात तू खुर्ची ओट्यावरून उचलून मागच्या दारी नेलीस. म्हणालास, पुढे झड लागते. पाऊस थांबला तरी खुर्ची मागेच राहिली.

मला सगळं दिसत होतं. मी काय केलं? कॉलेजला गेले. सबमिशन होतं, व्हायवा होती. रोज सकाळी ताडपत्रीखालच्या गाडीजवळून जायचे आणि तुझ्याशी अभ्यासाबद्दल, भाजीबद्दल, कशाबद्दलही बोलायचे.

एकदाच तू विषय काढलास. गणपतीच्या आधी, सकाळी, चहाच्या वेळी. बशीत चहा ओतत म्हणालास, "तां वेल्डिंग कापावं लागंल. मधी उचलून परत जोडलं तर बसंल."

मी म्हटलं, "काका, चार दिवसांची मेहनत आहे ती."

तू म्हणालास, "हां. तीबी हाय."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. तू चहा संपेपर्यंत थांबला होतास, हे मला आता कळतं. मी बसची वेळ झाली म्हणून उठले. गाडीबद्दल आपण बोललो ते तेवढंच शेवटचं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, आणि बाबा जेवताना म्हणाले, शेलारच्या भंगारवाल्याला सांगितलंय, रविवारी येऊन गाडी नेईल. वहिनी दिवसभर तिच्याकडे बघत बसते. आणि ठेवून उपयोग काय, आतून कुजलेलीच आहे. "हिनेच तर बघितलं ना उघडून. दादूसने कापूस भरून घालवली गाडी." काकी वाढत होती. तिच्या हातातला डाव क्षणभर थांबला आणि मग तिने भात वाढला.

मला राग आला. बाबांचा, भंगारवाल्याचा, तुझाही. तुझा जास्त. तू एकदा ओरडला असतास तर? एकदा ओट्यावर म्हणाला असतास, हिने माझं ऐकलं नाही, तर मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि विषय संपला असता. तू गप्प राहून सगळं माझ्यावर सोडून गेलास. त्याला लोक मोठेपणा म्हणतात. मला तो तेव्हा जाच वाटत होता, आणि खरं सांगू का, अजूनही थोडा वाटतो.

शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर गेले. नाना होता, बाबा होते, शेजारचे दोघं होते. काकी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी दोनदा घसा खाकरला. म्हटलं, "मला एक सांगायचंय. गाडी कापसाने बसली नाही. माझ्यामुळे बसली. काकाने सांगितलं होतं, खाली टेकू दे, दरवाजे काढू नको, थोडं थोडं काप. मी तिन्ही ऐकलं नाही. त्याला न विचारता कापली. आणि इथे येऊन त्याचं नाव सांगितलं."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

मग नानाने विचारलं, "पन कापूस तं व्हता ना?"

"होता."

"म्हंजे आमी अर्धा तरी खरा चिडवला." नाना हसला नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "आनि अर्धा उगाच."

बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. ते म्हणाले, "टेकू द्यायचा ते त्याने सांगितलं होतं?"

"हो बाबा. ओंडके लाव म्हणाला होता. होडीला लावतात तसे."

"आम्ही दोघं लावायचो," बाबा म्हणाले. "मी खाली घुसायचो, तो वरून सांगायचा." एवढं बोलून ते उठले, अंगणाच्या टोकाला गेले आणि तिथून फोनवर भंगारवाल्याला म्हणाले, "उद्या नको. न्हाय, दिवाळीपर्यंत तरी न्हाय."

काकीने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती मला जवळ घेईल. काय वाटून घेतलं होतं मी? ती म्हणाली, "ह्यां तू तो व्हता तेव्हा बोलली असतीस, तर तो चार संध्याकाळी बाहेर बसला असता." आणि सूप उचलून आत गेली.

तिने तसं बोलायलाच हवं होतं. ती तीन दिवस माझ्याशी नीट बोललेली नाही. चहा देते, पण कप ओट्यावर ठेवून जाते.

रविवारी सलीमभाईंना बोलावून मी माझं वेल्डिंग कापलं. इतकं पक्कं केलं होतं की ग्राइंडरच्या दोन चकत्या झिजल्या. या वेळी दरवाजे चारही लावलेले, आणि गाडीच्या खाली लांबभर लाकडी ओंडके. ते बाबांनी कुठूनतरी आणले, मला न विचारता, आणि स्वतः सतरंजीवर झोपून खाली सरकवले. वरून सांगायला मी होते. मी काय सांगणार? ते म्हणत होते, "अजून पुढं का?" आणि मी अंदाजाने हो म्हणत होते. मग मधल्या खांबाखाली जॅक लावून आम्ही हळूहळू उचललं. लॉक खटक्यासमोर आलं. दरवाजा टेकवला आणि तो लागला.

पण जॅक सोडला की गाडी थोडी खाली येते. वेल्डिंग झाल्यावरही थोडी येणार. म्हणजे बरोबर जागेपेक्षा जरा जास्त उचलून मग जोडायचं, एवढं मला कळतं. आज सकाळी जॅक सोडून ठेवला होता म्हणून दरवाजा पुन्हा आपटत होता. उद्या जोडायचं आहे. किती जास्त उचलायचं, हे कुणी सांगत नाही. कॉलेजातले सर म्हणाले, गाडीचं मूळ ड्रॉइंग असेल तर हिशेब करता येईल. ड्रॉइंग नाही. सलीमभाई म्हणाले, "अंदाज़ा ही है, बेटा." नाना म्हणाला, होडीचं मी सांगीन, गाडीचं मना काय कळतं. बाबा म्हणाले, "दादूस हात लावून सांगायचा." मी टपावर हात ठेवून बघितला. मला काही कळलं नाही. गरम पत्रा, एवढंच.

अर्धं बोट जास्त धरते, काका. कमी पडलं तर पुन्हा कापीन. आणि ओट्यावर कुणी विचारलं, हे अर्धं बोट कुणी सांगितलं, तर मी धरलं, असं सांगेन.